जिवंत नवाबांचा दुखवटा

तमाम रयतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की हैदराबादचे एक थोर नवाबसाहेब पैगंबरवासी झालेले असून खुद्द बड्या वजिरांनी त्यांना भरल्या गळ्यानं श्रद्धांजली वाहिली आहे. सबब पुढचा हुकूम येईपर्यंत गावात कुणी वाजवू नये, गाऊ नये, दारू उडवू नये आणि शक्यतो हसू नये.

शेवटची अट माझी. बाकी सगळं हुकमात होतं, आणि हा हुकूम निजामाच्या राज्यातली सगळी गावं फिरून बेंबळीत पोचला तो नेमका माझ्या वरातीत.

घोड्यावर मी, मागं नवरी, पुढं हलगी आणि सनई. माझे थोरले चुलते, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं, ते गावचे पोलीस पाटील. तहसिलीच्या शिपायानं घाम पुसत हुकूम त्यांच्या हातात दिला. आबांनी फेटा नीट केला, वरात थांबवली आणि हलगीवाल्याला म्हणाले, "ताबडतोब दवंडी दे. वाजवायचं न्हाय म्हणून सांग सगळ्यास्नी."

आता आमच्याकडं दवंडी द्यायची ती हलगीवर आणि गावात हलगीवाला एकच. तोच वरातीत वाजवणारा, तोच सरकारचा आवाज. त्यानं डोकं खाजवत विचारलं, "आबा, वाजवू नका म्हणून वाजवून सांगू का न वाजवता सांगू?"

"न वाजवता सांगितलं तर ऐकंल कोण?"

"आन् ही वरात?"

"तुला गावभर फिरायचंच हाय, वरातीलाबी फिरायचंच हाय. चला संगंच!"

आणि मग बेंबळीनं जे पाहिलं ते पुन्हा कुणी पाहणार नाही. हलगी कडकडायची, पोरं बेभान नाचायची, चौक आला की हलगी थांबायची आणि हलगीवाला गळा काढायचा, "वाजवू नका हो, नवाबसाहेब गेले हो!" की पुन्हा हलगी, पुन्हा नाच. कुणीतरी गुलालही उधळला. घोड्यावर माझ्या मागं बसलेली नवरी, जी तोवर माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती, ती पदराआडून म्हणाली, "मेलेल्या माणसाचं इतकं कवतिक आमच्या गावात न्हाय करत!"

आबांच्या मनात कपट होतं असं मला आजही वाटत नाही. सरकारचा हुकूम गावभर पोचवला याचा त्यांना खरोखर अभिमान होता. पण आमच्या भावकीत एक गृहस्थ होते, ज्यांच्या पानात त्या दिवशी जिलबी फार उशिरा पडली. ते तहसिलीत गेले आणि पाटलानं नवाबांच्या मरणावर नाच केला म्हणून सांगून आले. आबा मोअत्तल झाले. पाटीलकी गेली आणि ती तात्पुरती मिळाली कुणाला? त्याच जिलबीवाल्यांना.

आबांना बाकी कशाचं दुःख नव्हतं. चावडीवर ते आल्यावर आता कुणी उठून उभं राहत नसे, तरी ते आपले जाऊन बसायचे. पण पोळा तोंडावर आला होता. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी जाते ती पाटलाची. आबांचे खिलारी बैल जिलबीवाल्यांच्या बैलांच्या मागं चालणार, या कल्पनेनं त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं. बैलांकडं बघून म्हणायचे, "ह्यांनी कुनाचं काय केलं व्हतं रं?"

तेवढ्यात बातमी आली, बडे वजीर नळदुर्गाला येणार आहेत, दरबार भरणार आहे. आबांनी ठरवलं, भर दरबारात माफी मागायची. शाळेतले मौलवीसाहेब आमचे शेजारी. त्यांनी एक माफी तयार करून दिली, इतकी नाजूक आणि नक्षीदार उर्दू की खुद्द आबांनाच ती बोलताना पाय घसरतील असं वाटायचं. आबा ती मोट हाकताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे. एकदा झोपेतही म्हणाले, तेव्हा चुलतीनं "दिली माफी, झोपा आता!" असं सांगून कूस बदलली.

बैलगाडीनं आम्ही नळदुर्गाला गेलो. आबा, मौलवीसाहेब, मी. आणि मागच्या गाडीत कारभारी पाटील म्हणून जिलबीवालेही. किल्ल्याच्या पायथ्याशी शामियाना, गालिचे, अत्तर. बडे वजीर उंच खुर्चीत बसले होते. शेजारच्या खुर्चीत एक वाळकेसे, रागानं लाल झालेले वृद्ध गृहस्थ.

"ते कोन?" आबांनी विचारलं.

मौलवीसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. "या खुदा," ते म्हणाले, "हे तर आपले मरहूम नवाबसाहेब!"

झालं होतं असं, की नवाब हवापालटाला लांब गेले होते आणि तिकडून चुकीची तार आली. मेल्याची दवंडी राज्यभर फिरली; जिवंत असल्याची दवंडी द्यायचं कुणाला सुचलंच नाही. नवाब परत आले तर त्यांच्या सरकारी हुद्द्यावर वजिरांचा मेहुणा बसलेला.

मग वजीर बोलायला उठले. तसं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. आधी श्रद्धांजली: आपण नवाबांविषयी जे जे बोललो त्यातला एकही शब्द मागं घेत नाही, फक्त ते हयात आहेत एवढीच दुरुस्ती. मग माफी: ज्यांना या प्रकाराचा खेद वाटत असेल त्यांच्या खेदात आपणही मनापासून सामील आहोत. कोण चुकलं ते तारेला ठाऊक! शेवटी नेमणूक: मेहुण्याला मेहुणा म्हणून नेमलेलं नसून लायकीवर नेमलं आहे, आणि आता बसलेल्या माणसाला उठवणं आपल्या तहजिबीत बसत नाही.

टाळ्या झाल्या. नवाब ताडकन उठले. काठी आपटून त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी सगळ्यांनी दुखवटा पाळला, नाही का? मी जिवंत असताना! साऱ्या मुलखात माझा दुखवटा न पाळणारं एकही गाव नव्हतं?"

जिलबीवाल्यांना वाटलं, आता आबांची कायमची वाट लागणार. ते धावत पुढं गेले आणि बोट दाखवून ओरडले, "ह्यो! ह्यानं वरात नाचवली, हुजूर! गुलाल उधळला!"

आबांना शिपायांनी पुढं आणलं. डोक्यात पोळा आणि बैल, समोर नवाबांची ती नजर. मौलवीसाहेब खालून ओठ हलवून पहिला शब्द सुचवत होते.

पाटीलकी तिथल्या तिथं परत मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. नवाब खुर्चीत कोसळून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि त्यांची नाराजी इतक्या स्वस्तात मिटतेय हे बघून वजिरांनी लगेच नेमणूक जाहीर केली. त्या पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आबांचीच गेली, पुढं तीच हलगी. मौलवीसाहेब मात्र दरबारातून परतताना गाडीत येरझाऱ्या घालता येत नाहीत म्हणून नुसतेच कण्हत होते, कारण त्यांच्या उर्दूतला एक शब्दही आबांच्या तोंडून बाहेर पडला नव्हता. नवाबांच्या पायाशी लोळण घेऊन, भर दरबारात, हात जोडून आबा जे ओरडले ते हे:

"या वक्ताला चुकलं, सरकार! पुढच्या वक्ताला तुमी मेलात की समद्या मुलखाच्या आदी म्या रडंन!"