हरलेल्याच्या घरी पिठलं-भात

"कोण हारला?"

निकालाच्या दिवशी सगळा मोहल्ला कोण जिंकलं ते विचारत फिरायचा. आमच्या शेजारचे काकाजी मात्र हातमागाची पावडी सोडून बाहेर यायचे आणि हे विचारायचे. त्यांच्या मागाची खटखट थांबली की मी समजून जायची, आता माझ्या चुलीवर पातेलं चढणार.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. चांगला असतो, कुणाचं वाईट करत नाही, आणि तरी त्याच्या चांगुलपणाने आपलं डोकं दुखतं. काकाजी तसे होते. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. मी त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्यांची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन साकोलीला गेली. म्हणून त्यांचा स्वयंपाकही हळूहळू माझ्याच चुलीवर आला. त्यात माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती निवडणुकीच्या डब्याची.

आमच्याकडे ज्या घरी मयत होते, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात नेऊन देतात. काकाजी हा डबा खासदारकीला हरलेल्या माणसाच्या घरी न्यायचे. ओळख नसली तरी न्यायचे, मत दिलं नसलं तरी न्यायचे. डबा ठेवायचा, अंगणात थोडा वेळ गप्प बसायचं आणि परत यायचं.

हे कुठून काढलं, असं मी एकदा विचारलं. तरुणपणी ते एका सूत-व्यापाऱ्याचा प्रचार करायचे. व्यापारी हरला. सकाळी त्याच्या दारात उभं राहायला जागा नव्हती, आणि सांजेला कंदील लावायलाही माणूस उरला नव्हता. काकाजी एकटे थांबले होते. ते सांगायचे, "घरात लेकरं उपाशी होती, सुनबाई. त्याची बायको चुलीपाशी बसून होती, पण पेटवे नाई. मयतीच्या घरावानी."

तेव्हापासून आमच्या मतदारसंघाचा सगळा इतिहास काकाजींना हरलेल्यांवरून पाठ होता. कोणता खासदार कधी झाला हे ते विसरायचे. पण ज्या वर्षी वकील हरला, त्या वर्षी त्याच्या आईने डब्यातला भात ताकात कालवून त्याला भरवला, हे त्यांना आठवायचं. मास्तर हरला तेव्हा त्याने आधी डबा परत केला आणि मग रस्त्यापर्यंत मागे धावत येऊन मागून घेतला. अड्याळकडचा एक जण हरला, तो अंगणात बसून बैलांशी बोलत होता. नवीन सुनांना आणि जावयांना बसवून काकाजी हे सगळं सांगायचे. त्यांना उठता यायचं नाही. चहा थंड व्हायचा आणि काकाजी वकिलावरून मास्तरावर यायचे.

आधी आमचा मतदारसंघ या एका जिल्ह्यापुरता होता. मग शेजारचा जिल्हा जोडून तो लांबलचक केला. लोक म्हणाले, आता विकास मागे पडेल. कुणी म्हणालं, आपल्या जातीची मतं कमी झाली. काकाजींचं दुःख वेगळंच. हरणारा पार तिकडच्या टोकाचा निघाला तर दोन एसट्या बदलाव्या लागणार. "जोडणाऱ्यायनं इचार नाई केला. भात थंडा होते ना," असं ते खरोखर चिडून म्हणायचे. मी कांडी भरता भरता कपाळाला हात लावायची.

शिवाय हरणारे पुष्कळ असतात. यादीत पाच-पंचवीस नावं असतात, मग सगळ्यांकडे का जात नाही, असं आमच्या समोरच्या शेवंताने एकदा त्यांना खिजवायला विचारलं. काकाजींनी शांतपणे उत्तर दिलं. "ज्याले वाटत होतं का मी जिंकतो, त्याच्याच घरी जा लागते. बाकीचे हारालेच उभे राह्यले होते."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढे ते आमच्या पाण्यावर आलं.

आमचा विणकरांचा मोहल्ला शहराच्या टोकाला आहे. नळ नाही, एक बोरिंग आहे. उन्हाळ्यात ती दहा वेळा हापसली की एकदा थुंकते. एका निवडणुकीत हायवेच्या बाजूला बंगला असलेले एक साहेब उभे राहिले. आमच्या चौकात येऊन म्हणाले, पहिली पाइपलाइन तुमच्या मोहल्ल्यात. बायांनी त्यांना ओवाळलं. मीही मागे उभी राहून ओवाळलं. साहेब निवडून आले.

त्या दिवशी त्यांची मिरवणूक बाजारातून येत होती. डफडे, गुलाल, फटाके. आणि समोरून, सगळ्या गर्दीच्या उलट दिशेने, काकाजी डबा घेऊन चालले होते. साहेबांच्या माणसांनी विचारलं, काकाजी, कुठे? काकाजींनी सरळ सांगून टाकलं, हरलेल्याच्या घरी जाऊन राहिलो.

पाइपलाइन आली. आमच्या चौकापर्यंत आली आणि तिथून डावीकडे वळली. साहेबांची माणसं म्हणत होती म्हणे, त्या म्हाताऱ्याचा मोहल्ला हरलेल्याच्याच बाजूचा आहे. बोरिंगवर बाया मला ऐकवायच्या. शेवंता म्हणायची, "तुझ्या पिठल्यानं आमचा नळ नेला वो बाई." पिठलं तर माझंच होतं.

मी काकाजींना ते सांगितलं. ते म्हणाले, पाणी जमिनीतलं असते, कोणाच्या बापाचं नसते. मग माझ्याच घागरीतलं पाणी ओतून घेऊन प्यायले.

पाच वर्षांनी साहेब पडले. मोहल्ल्यात बायांनी एकमेकींना साखर वाटली. तेवढ्यात मागाची खटखट थांबली. मी दार लावून आत बसले. काकाजींनी बाहेरून हाक मारली, "सुनबाई, तांदूळ टाक."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. दाराआडूनच म्हटलं. सांगितलं, ज्याने नळ वळवला त्याच्यासाठी मी चूल पेटवणार नाही. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून जळल्याचा वास आला. बेसनाच्या गाठी झाल्या होत्या, भात खाली लागला होता, आणि हे गृहस्थ तोच डब्यात भरत होते. मला ते पाहवेना. हरलेला असला म्हणून काय, जळका भात? मी पातेलं हिसकून घेतलं आणि नव्याने रांधलं. पण एक अट घातली. तिथे गेल्यावर नळाचं सुनवून यायचं. एवढं तरी करायचं.

ते रिकाम्या हाताने परत आले. डबा तिथेच ठेवला होता. मी विचारलं, "सुनवलं काय?"

"ज्याच्या घरी मयत झाली त्याले नळाचं सुनवते काय कोणी?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. कांड्याही मुद्दाम ढिल्या भरल्या. त्यांना ते कळलं, पण त्यांनी चूपचाप नव्याने भरून घेतल्या. असा माणूस. त्याच्यावर नीट रागावताही येत नाही.

नंतरच्या निवडणुकीत साहेब पुन्हा निवडून आले. आता मोहल्ल्याला वाटलं, आपलं काम झालंच. वाईट दिवसांत ज्याने डबा नेला, त्याचं साहेब ऐकणार नाहीत तर कोणाचं? सगळ्या बाया काकाजींच्या दारात गोळा झाल्या. काकाजी मागावरून उठले नाहीत. म्हणाले, तिकडे आता आनंद आहे, गर्दी आहे, जिंकलेल्याच्या घरी आपलं काय काम?

शेवंता त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. तिच्या सुनेला दिवस गेले होते, बोरिंगवर घागर उचलताना ती एकदा पडली होती. काकाजी खाली पाहून पुटपुटले, "मले मांगता येत नाई, शेवंता. मी देऊन येतो फक्त." तेव्हा त्यांची कीव आली की राग आला, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही एकदम आलं.

मग बाया मलाच घेऊन गेल्या. डबा तुझ्या हातचा होता ना, तूच बोल. बंगल्यात एवढी माणसं होती की माझा पदर सुटत होता. बायांनी मला पुढे ढकललं. मी कसंबसं म्हटलं, साहेब, त्या दिवशी काकाजी डबा घेऊन आले होते, त्या मोहल्ल्यातून आलो.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हौ, तो म्हातारा. माह्यं तोंड पाहाले आला होता. एक तास समोर बसून पाहत होता मले. डबा गाईसमोर ठेवला मी."

भोवतीची माणसं हसली. पुढे नळाचं बोलायला माझी जीभ उठलीच नाही. शेवंता मागून बोलली, पण तोवर साहेब दुसऱ्या माणसाकडे वळले होते.

मोहल्ल्यात शिरताना शेवंता एवढंच म्हणाली, म्हाताऱ्याला सांगू नका. तिला त्यांचा सगळ्यात जास्त राग होता, आणि तीच असं म्हणाली.

काकाजी दारात वाट पाहत होते. मला विचारलं, काय म्हणाले साहेब? मी म्हटलं, "तुमची आठवण काढली त्यायनं." खोटं नव्हतं ते.

काकाजींचा चेहरा असा उजळला की मला आत पळून जावंसं वाटलं. "पाह्य," म्हणाले, "हारलेला माणूस इसरत नाई." मग महिनाभर दिसेल त्याला तेच सांगत होते. नळ आला नाही, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी कांड्या भरत ऐकून घ्यायची. आता त्यांना टोकायचीही सोय राहिली नव्हती. पिठल्यावरून, पाण्यावरून, कशावरूनही बोलायला तोंड उघडलं की साहेबांची ती गाय आठवायची आणि मी गप्प बसायची.

मागच्या थंडीत काकाजी गेले. सूत ताणताना छातीत कळ आली, तेवढंच. माग मुलीने विकला. आता शेजारी कसलाच आवाज नसतो.

त्यानंतर निवडणूक झाली आणि साहेब पुन्हा पडले. निकालाच्या दिवशी मी बाजारात गेले होते. परत येताना हायवेने आले. खरं सांगायचं तर मुद्दाम आले. मनात राग होता. त्यांचं तोंड मला एकदा पाहायचं होतं.

फाटक उघडं होतं. भाड्याच्या लाल खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. साहेब पायरीवर बसले होते, बनियनवर, मोबाइल हातात नुसता धरून. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, कोण?

मला वाटलं होतं, पाहून निघून जाईन. पण तिथे गर्दी नव्हती, म्हणून असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमच्या मोहल्ल्यात अजून नळ नाई आला."

साहेब ताठ बसले. कोणता मोहल्ला, विचारलं. चौकातून डावीकडे की उजवीकडे, विचारलं. मग कुठल्याशा इंजिनीअरला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तरी उचलला नाही. ते म्हणाले, उद्या लावतो, परवा लावतो, तुम्ही येऊन विचारत जा. वरची खुर्ची सोडवून त्यांनी स्वतः माझ्यापुढे ठेवली आणि आत तोंड करून चहा सांगितला. सांगताना त्यांचा आवाज जुन्यासारखा झाला होता. मी चहा प्यायले.

इंजिनीअरने अजून फोन उचललेला नाही. बोरिंग तशीच थुंकते.

काकाजी असते तर त्यांना सांगितलं असतं, की इतकी वर्षं तुम्ही चुकीचं घेऊन जात होता. हरलेल्याला भात नको असतो, कोणी काही मागायला यायला हवं असतं. त्यांनी ऐकलं नसतंच. वर मलाच म्हणाले असते, "मयतीच्या घरी चहा पेऊन आली, सुनबाई?"