लांबवलेला आखाड

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दहावीच्या वर्गातल्या एका मुलीच्या गळ्यात गणवेशाच्या आत मंगळसूत्र होतं. ते दिसू नये म्हणून तिनं ओढणी गळ्याशी पिनेनं घट्ट लावली होती, पण फळ्यावर आकृती काढायला उठली आणि काळे मणी बाहेर आलेच. वर्ग हसला नाही. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, कारण मे महिनाभर मी माहेरी, उदगीरला, आंबे चोखत बसले होते.

उमरीजवळच्या या गावात मी विज्ञान शिकवते. आमच्याकडं हल्ली लहान मुलींचं लग्न कुणी करतच नाही. साखरपुडा असतो. पाव्हणे कुंकू लावायला येतात, जेवणं होतात आणि पंगत उठली की कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, "आता बसल्या बैठकीत उरकून टाका." अक्षता कुणाच्या तरी पिशवीत तयारच असतात. ग्रामसेवकानं विचारलं तर साखरपुडा, पोलिसांनी विचारलं तरी साखरपुडा. या मुलीचाही साखरपुडाच झाला होता, हिमायतनगरकडच्या एका बागायतदाराच्या मुलाशी. तिला सोळावं सरायचं होतं.

मी चिडले. चिडले की माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो, त्या दिवशी तो बहुधा ग्रामपंचायतीपर्यंत गेला असेल. मुलीच्या आईला शाळेत बोलावून घेतलं आणि तक्रार करते म्हणून ठणकावलं. ती पेरणी सोडून आली होती, हाताला माती तशीच होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"करा मॅडम. तिचा बाप आत जाईल, चुलते मला घरात ठेवणार न्हाईत, अन् पोरगी तरीबी सासरी जाईलच. लावलेलं लगीन पुसता येतंय का?" मग तिनं आवाज खाली आणला. "माझं येवढंच म्हणणं हाय, तिचं पोट लांबवा. मी सोळाचीच होते. पहिलं लेकरू हाताला लागलं न्हाई अन् मीबी जाता जाता राहिले. तेवढं हिच्या वाट्याला नको."

तक्रारीची गोष्ट मी तिथंच सोडली. पोट लांबवणं, म्हणजे लवकर दिवस न राहू देणं, हे तरी मला शिकवता येण्यासारखं होतं. तसं मी केलंही. मुलीला प्रयोगशाळेत वेगळं बसवलं, गोळ्या कोणत्या, त्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडं कशा मिळतात, नवऱ्याला काय सांगायचं, सगळं समजावलं. तिनं मान खाली घालून ऐकलं.

"मॅडम, सासूबाई कपड्यांची पिशवीसुद्धा उघडून बघतात म्हणे," ती म्हणाली.

माझं विज्ञान तिथंच थांबलं. त्याच आठवड्यात सासरची गाडी तिला न्यायला येणार होती. ती आली नाही, कारण तिच्या आईनं त्यांना फोन करून आखाडाची आठवण करून दिली.

आखाडात नव्या नवरीला सासरी ठेवत नाहीत. महिनाभर तिनं माहेरी राहायचं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. कायदा न मानणारे लोक आखाड मानतात. आई मला बांधावरून ओरडून म्हणाली, "महिना मिळाला, मॅडम!" आणि मला हसू आलं. त्या हसण्यात काळजी होतीच, पण हसू आलं.

महिना सरला तेव्हा पंचमी आली. पंचमीला लेक माहेरीच असते. मग महालक्ष्म्या बसल्या, आणि लक्ष्म्यांना घरची लेक हवीच. नंतर पितरपाट लागला. "पितरांत कुणी लेक धाडतंय का?" असं आई फोनवर अगदी ठसक्यात म्हणाली म्हणे. दिवाळीला जावई आला, पहिला दिवाळसण होता. त्या चार दिवसांत आईनं नात्यातल्या सगळ्या बायाबापड्यांना जेवायला आणि राहायला बोलावलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जावई नवा शर्ट घालून ओसरीवर बसून राहिला आणि नवं घड्याळ घेऊन परत गेला. तोही जेमतेम विशीतला पोरगा. त्याला कुणी काय सांगितलं होतं आणि काय नाही, देव जाणे. त्यामागं आईनं मार्गशीर्षातले गुरुवार पुढं केले.

मी रोज हजेरी घेताना तिच्या नावाशी आधी धास्तावायची. "हजर" ऐकू आलं की पुढं जायची. एकदा तिला वर्गात मळमळलं आणि मी फळा सोडून तिच्याकडं धावले. पित्त होतं. सकाळी काही न खाता आली होती. मी तिच्यावरच खेकसले, उपाशी का येतेस म्हणून, आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडले. काळजी अशी कुणाला सांगताही येत नाही. काय सांगणार?

संक्रांतीला सासू स्वतः आली. पहिल्या संक्रांतीची काळी साडी, हलव्याचे दागिने, तिळगूळ असं सगळं घेऊन. गाडी दारात उभी. आईनं मला बोलावून घेतलं, कारण तिच्याजवळच्या पद्धती संपल्या होत्या आणि परीक्षा अजून महिनाभर लांब होती.

सासू खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर भिंतीला टेकून बसली. अंगानं किरकोळ, माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मी सरळ थाप मारली. म्हटलं, "मावशी, आमच्या उदगीरकडं पहिल्या वर्षी होळी होईपर्यंत पोरगी सासरी धाडत नाहीत. अपशकुन मानतात."

तिनं हलव्याची पिशवी जवळ ओढली.

"लई पद्धती हायत मॅडम तुमच्याकडं," ती म्हणाली. "मला चौदाव्या वर्षी नेली. तवा एकबी पद्धत आडवी आली न्हाई."

तिनं सुनेला पुढ्यात बसवून तिला हलव्याचे दागिने घातले, हार जरा वाकडा झाला तो नीट केला. उठताना म्हणाली, "पेपर होऊ द्या. पाडव्याला गाडी आणते. मग मात्र पद्धत सांगू नका." आणि एकटीच परत गेली. तिचा राग करायचं मी ठरवूनच आले होते, तो काही मला धड करता आला नाही.

पेपर झाले. पाडव्याला गाडी आली. मुलगी माझ्या पाया पडली तेव्हा मी तिच्या कानात पुन्हा गोळ्यांचं सांगितलं. तिनं "हाव" म्हटलं, मोठ्यांना बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं.

मे महिन्यात मी उदगीरला होते. तिच्या आईचा फोन आला, आवाजात केवढा आनंद! "मॅडम, यंदा धोंडा आलाय! माझ्या ध्यानातच नव्हतं!" अधिक महिना. धोंड्याला लेक-जावयाला जेवायला बोलवावंच लागतं. तिला न्यायला तिचा मामा मुराळी म्हणून जाणार होता, आणि एकदा आली की आई तिला निकाल लागेपर्यंत, अकरावीत नाव घालेपर्यंत अडकवून ठेवणार होती. न मागता अख्खा महिना मिळाला होता. मीही कॅलेंडर काढून बघितलं आणि माझ्या आईला हाक मारून सांगितलं.

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात तो आनंद नव्हता.

"काय म्हणाल्या विहीणबाई?" मीच विचारलं.

"धोंड्याला गाडीत लई हादरे बसतील म्हणल्या. आता एकदम सातव्यातच न्या म्हणल्या."

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात लेक आणतात. ही पद्धत आम्हाला कुणाला बनवावी लागली नाही.

"आता लई दिवस राहील बघा माझ्याजवळ," ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच रडायला लागली.