पाच हजार वर्षांची राख

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं आणि काठावरचं एक पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड उघडं पडलं. त्यात रंगीत खापरं मिळाली, म्हणून आमचे सर सोलापूरहून गाडी घेऊन निघाले. मी त्यांच्या हाताखाली पुरातत्त्वात संशोधन करत होते, म्हणजे बहुतेक वेळा त्यांची पिशवी उचलत होते.

टेकाडाच्या माथ्यावरच कोळसा दिसला आणि सर हरखले. झाड मेलं की त्यातला एका प्रकारचा कार्बन ठरावीक वेगानं घटत जातो. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. पण नमुना खालच्या, न हललेल्या थरातला हवा आणि हात न लावता फॉईलमध्ये बांधायला हवा. वर्षानुवर्षं हेच शिकवणाऱ्या सरांनी तंबाखू मळलेल्या बोटांनी कोळसा उचलला आणि रुमालात बांधला.

जवळच एक बाई मेंढरं चारत होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, ती राख आमची हाय की. मागल्या उन्हाळ्यात हितंच चूल मांडली हुती. जुनं बगायचं आसंल तर खाली घळीत बगा, तितं जळकं दाणं निगत्यात."

सर माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलले आणि हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

सर गाडीत जाऊन बसल्यावर मी घळीत उतरले. बाईंनी काठीनं जागा दाखवली. फुटक्या रांजणाखाली, चोपलेल्या जमिनीत काळे दाणे होते. चिमट्यानं उचलून मी ते फॉईलमध्ये घेतले आणि सरांच्या कोळशाबरोबर तपासणीला पाठवले.

अहवालाची वाट बघतील तर ते सर कसले! त्याआधीच पेपरात गळ्यात हार घातलेला त्यांचा फोटो आला, खाली मथळा: 'पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती'.

अहवालात सरांच्या कोळशापुढे एकच शब्द होता: आधुनिक. दाणे मात्र तीन हजार वर्षांच्या पलीकडचे निघाले.

"प्रयोगशाळेनं घोळ घातलाय," सर म्हणाले.

"त्या बाईंनी सांगितलं होतं, सर."

"मेंढरं राखणाऱ्या बाईला कालमापनातलं काय कळतं?"

"स्वतःची चूल कळते की."

त्या दिवसापासून त्यांनी मला मार्गदर्शन करणं बंद केलं. ते कधी सुरू झालं होतं, हेच मला आठवेना. दुसरे मार्गदर्शक शोधून मी काम पुरं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाई पुन्हा काठावर भेटल्या. दाण्यांचं वय सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "आन दाणं कसलं हुतं?"

सरांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

"हुलगे," मी म्हटलं.

"व्हय? मग आमच्यागत माडगं करून पीत आसतील," त्या म्हणाल्या आणि मेंढरांमागं चालू लागल्या.