एका कुशीपुरतं औषध

माझी थोरली जाऊ आणि मी, दोघींच्याही पोटी मूल नव्हतं. आमचं घर किहीमजवळच्या कोळीवाड्यात. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. पुरुष होडीवर जायचे आणि बोंबील सुकवायचं काम आम्हा दोघींकडे असायचं.

एकदा सासू हरिहरेश्वरला दर्शनाला गेली आणि तिथल्या एका म्हातारीकडून मंतरलेल्या औषधाची बाटली घेऊन आली. ते प्यालं की बाईच्या स्वप्नात चमकती मासळी येते आणि मग कूस भरते, असं म्हातारीनं सांगितलं होतं. पण ते एकीपुरतंच होतं. दोघींत वाटलं तर गुण जातो. सासूनं बाटली थोरलीला दिली.

दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घालताना थोरलीनं ती माझ्यापुढे धरली. "तू पी."

"तुमचं हाय ते, जाऊबाई."

"माझ्यावर कसलंच औषध चालत न्हाय. उगाच वाया जाईल."

मी नको नको म्हणत राहिले, पण मला ते हवंच होतं. पडवीमागे जाऊन मी बाटली रिकामी केली. गोड लागलं, शेवटी जरा तिखट.

मग ती रोज सकाळी विचारायची, "आली का मासळी सपनात?" नाही म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. ते बघवेना, म्हणून एक दिवस मी म्हणाले, "आली." ती टोपली मांडीवर घेऊन रडत बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला खरोखरच दिवस गेले.

मुलगा झाला. त्याला न्हाऊ घालणं, तेल लावणं सगळं तीच करायची. बाजारात कुणी विचारलं तर सांगायची, "ह्यो माझ्या औषधाचा."

तिच्या वाट्याचं मी घेतलं, हे मला खात होतं. मुलगा चालायला लागल्यावर मी हरिहरेश्वरला गेले, तिच्यासाठी दुसरी बाटली आणायला. म्हातारी दारात सुपारी कातरत बसली होती. माझी हकिगत ऐकून म्हणाली, "नारळाचं दूध, गूळ नि सुंठ असते त्यात. मंत्र मला अर्धाच येतो. तुला व्हायचं होतं म्हणून पोर झालं."

मी हात हलवत परत आले. मुलगा थोरलीच्या मांडीवर होता.

"मिळालं?" तिनं विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर त्या मुलातला तिचा वाटा मी काढून घेतला असता. मी म्हणाले, "एका घरात एकदाच देते म्हणाली."

"बरं. दिलं ते कामी तरी आलं."

पुढे अलिबागेत डॉक्टरीणबाई आल्या. मी थोरलीच्या मागे लागले, चला, दाखवून येऊ. ती म्हणाली, "आपल्या घरातलं एकदाचं होतं, ते झालं. डाक्तरीण काय करणार?" तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. ती कधीच गेली नाही आणि तिला मूल झालं नाही.

मुलगा शाळेत जायला लागला. त्याचे केस विंचरताना ती त्याला चमकत्या मासळीची गोष्ट सांगायची. तो माझ्याकडे वळून विचारायचा, "खरं काय गं?"

मी हो म्हणायचे आणि उठून कसल्या तरी कामाला लागायचे.