पलीकडचं बोलणं

दुपारी कसबा पेठेतल्या चंपा ओव्हाळच्या एसटीडी बूथमध्ये उन्हाचा एक पिवळा चौकोन काचेच्या केबिनवरून हळूहळू सरकत जाई. आत कुणी नागपूरशी बोलत असे, कुणी दुबईशी. बाहेर स्टुलावर बसलेल्या चंपाला ऐकू यायचं ते फक्त अलीकडचं. "हो... नाही गं... मग तो काय म्हणाला?" त्यापुढच्या शांततेत तिला पलीकडचं घर दिसू लागे. तारेवरचे ओले कपडे, दाराला टेकून रिसीव्हर धरलेली बाई. अशी तंद्री लागायची की गिऱ्हाईक बाहेर आलेलंही तिला कळत नसे.

लहानपणी पोलिओनं तिचा एक पाय अधू झाला होता. त्यामुळेच त्र्याण्णव साली अपंगांच्या कोट्यातून तिला बूथ मंजूर झाला. शाळा दहावीला सुटली, तरी विहारातल्या कपाटातली सगळी पुस्तकं तिनं वाचून काढली होती. त्यातल्या गोष्टी मात्र तिला पटत नसत. माणसं इतकं पुरतं, वाक्य संपवून कुठे बोलतात? मग तिनं एका वहीत पानाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे कानावर पडलेलं, नावगाव बदलून. उजवीकडे पलीकडचं माणूस काय म्हणालं असेल, ते. फोन उचलला की सुरू, ठेवला की बंद. झेरॉक्स काढून ती प्रती काउंटरवर ठेवी. लेखकाचं नाव नाही, फक्त एवढंच: 'वाचा आणि दुसऱ्याला द्या.'

शनिवार पेठेतले प्रकाशक रावसाहेब एकदा फोन करायला आले आणि एक प्रत घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले.

"बाई, लिहिता चांगलं. पण ही रेघ काढा. बारा प्रकरणं पाडा. शेवटी लग्न नाहीतर मरण, काहीतरी येऊ द्या."

"फोन ठेवल्यावर माणसं मरत नाहीत, साहेब. जेवायला जातात."

रावसाहेबांनी चष्मा पुसला. "मग वाचकही जेवायलाच जाईल," म्हणाले, आणि निघून गेले.

त्याच सुमारास नम्रता यायला लागली. मूळची वाशीमची, नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली. दर रविवारी सकाळी आईला फोन करायची. दोन वर्षांनी एका रविवारी तिनं काउंटरवरची प्रत चंपासमोर धरली.

"मावशी, हे माझं बोलणं आहे ना?"

"हो. चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"आणि हे, 'केसांना तेल लाव, भात पोटभर खा', हे?"

"ते अंदाजानं लिहिलंय."

"आई बोलत नाही, मावशी. झटका आल्यापासून वाचा गेलीय तिची. बाबा तिच्या कानाला फोन धरतात. मी बोलते, ती ऐकते."

नम्रता प्रत घेऊनच केबिनमध्ये गेली, नंबर लावला. "आई, तू मला काय काय म्हणतेस, ते एका मावशींनी लिहिलंय. वाचू?" ती वाचत राहिली. मग रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकू लागली. शेवटी दार किलकिलं करून म्हणाली, "बाबा सांगतायत, ती हसतेय."

त्या दिवसापासून चंपा आधी विचारू लागली, मगच लिहू लागली. आणि पलीकडचं आपण ठरवायचं नाही, म्हणून उजवी बाजू तिनं कोरी सोडली. काहींना वाटलं, छपाई चुकली. काहींनी कोऱ्या जागेत पेननं आपापलं लिहून प्रती परत आणून दिल्या. त्या तिनं जपून ठेवल्या.

मोबाइल आले, बूथ उठला. त्या जागेत चंपा मोबाइलची कव्हरं विकू लागली. आता अख्खी मंडई भाजी निवडता निवडता कुणाशीतरी बोलत होती. ऐकण्यासाठी कान टवकारावे लागत नव्हते.

दोन हजार सहा साली काही कॉलेजच्या मुलांनी तिचं वाचन ठेवलं. चंपानं डावीकडची ओळ वाचली आणि पलीकडच्याला बोलायला जितका वेळ लागेल, तितका वेळ थांबली. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता.

"बाई, माइक बंद पडलाय का?" मागून आवाज आला.

"नाही. पलीकडून बोलतायत."

हशा पिकला आणि हळूहळू विरला. पंखा तेवढा फिरत राहिला. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटले, त्यांचे ओठ हलू लागले. त्यांचं बोलून होईपर्यंत चंपा थांबली. मग तिनं पान उलटलं.