पिंपळीच्या काहिलीतलं पाणी

पाण्याच्या बाबतीत माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर, सांगा बघू? नळावर, जारवाल्यावर, का दुकानात बसून फुकटचे सल्ले देणाऱ्या माझ्यासारख्यावर? तुम्ही विचार करा, तोवर मी सांगतो.

बारामतीत माझं भांड्यांचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. भांड्यांच्या दुकानात किस्से साठतात ते पातेल्यांच्या सेटसारखे. एक उचलायला जावं तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. पण मागं एका जानेवारीत पाच दिवसांत जेवढे साठले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत साठले नव्हते.

त्या बुधवारी सकाळी नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. पाठोपाठ स्पीकर लावलेली रिक्षा फिरली: "नागरिकांनी पुढील सूचना मिळेपर्यंत पाणी उकळून व गाळूनच प्यावे." रिक्षा कोपऱ्यावरून वळायच्या आत गल्लीतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. मग सोडा संपला. मग तुरटी. दुपारी एकानं किराणावाल्याकडं गुलाबपाण्याचा अख्खा बॉक्स मागितला, तेव्हा मात्र त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

माझ्या शेजारच्या गाळ्यात बशीरभाई. मंडप, खुर्च्या, स्टेज हा त्यांचा धंदा. तीस वर्षांत निम्म्या तालुक्याची लग्नं या माणसानं उभी केली. आणि त्याच रविवारी त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, शबानाचं लग्न होतं. स्वतःच्या दारात, स्वतःच्या मंडपात, सहाशे माणूस. नवरदेव इंदापूरकडचा, लोणी देवकरला कंपनीत नोकरीला.

रिक्षा गेली तसे बशीरभाई माझ्या पायरीवर येऊन बसले.

"शेठ, जेवण कमी पडलं तर माणूस समजून घेतंय. पाण्यानं कुणी आजारी पडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

मी म्हटलं, "अजून चार दिवस हायत."

ते म्हणाले, "चारच हायत."

*

पहिलं गिऱ्हाईक आलं ते रिटायर झालेले गुरुजी. म्हणाले, "सगळ्यात मोठं पातेलं द्या. एकदाच उकळायचं, आठवडाभर प्यायचं."

मी म्हटलं, "गुरुजी, घरी माणसं दोन."

"शेठ, तुम्ही भांडं द्या. गणित माझ्याकडं राहू द्या."

साठ लिटरचं पातेलं रिक्षात घालून घेऊन गेले. संध्याकाळी त्यांच्या बाई आल्या, गुरुजींशिवाय. पातेलं दोन्ही बर्नरवर ठेवलं तरी शेगडी कुठं दिसत नव्हती म्हणे. तीन तास गॅस जळला. पाणी आंघोळीपुरतं गरम झालं.

"मग काय केलंत?"

"आंघोळ केली," बाई म्हणाल्या. "आता चहाचं पातेलं दाखवा."

*

दूध तापवायच्या शिट्टीच्या कुकरवर त्या दिवशी उड्या पडल्या. कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं होतं की यात पाणी ठेवा, शिट्टी झाली की झालं. माझ्याकडं अकरा नग होते आणि दारात वीस माणसं. धंदेवाल्याला आणखी काय पाहिजे?

पण ते भांडं मी पंचवीस वर्षं विकतोय. शिट्टी वाजते ती दोन पत्र्यांच्या मधल्या पाण्याची. आतलं नुसतं कढत होतं, त्याला खळखळ उकळी फुटत नाही. दुधाला तेच हवं असतं, म्हणून तर ते उतू जात नाही. मी सांगून टाकलं, "दुधाला न्या, पाण्याला मिळणार नाही."

एक बाई भडकल्या. "तुमी विकायला बसलाय का शिकवायला?"

"मावशी, आज शिकवतो. विकायचं उद्या."

रागारागानं गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, साधी पातेली घ्यायला, आणि येताना जावा-नणंदा मिळून सहा जणी घेऊन आल्या. अकरा कुकर तसेच राहिले आणि पातेल्यांची मांडणी रिकामी झाली.

*

बशीरभाईंनी एव्हाना एका जारवाल्याला साठ जार सांगून ठेवले होते. बुधवारी त्यानं भाव दुप्पट केला, गुरुवारी तिप्पट. तरी ते तयार होते. लेकीचं लग्न म्हटल्यावर माणूस घासाघीस करत नाही.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी दुकानात आली. कन्हेरी गावची, अंगानं बारीक, आवाजानं मोठी. दहा लिटरचं पातेलं हातात घेऊन बोटानं वाजवून बघायला लागली. मी ओळखलं. ही त्या जारवाल्याचीच आई.

मी हसून म्हटलं, "आजी, तुमच्या घरी तर जारच जार. पातेलं कशाला?"

"जार इकायला हायत की," म्हातारी म्हणाली. "आमच्यात समदी उकळूनच पितात."

दुकानात आठ-नऊ गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी आपापलं पातेलं जरा घट्ट धरलं. बशीरभाई दारातच उभे होते. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि साठ जार रद्द केले.

म्हातारीनं पातेलं घेतलं. जाताना विचारलं, "एवढी गप का झाली माणसं?"

*

जार रद्द झाल्याची बातमी इंदापूरला आमच्याआधी पोचली. संध्याकाळी नवरदेवाच्या चुलत्यांचा फोन. चुलते गोड बोलत होते, म्हणजे काहीतरी ठरवून बोलत होते.

"बशीरभाई, वाईट वाटून घेऊ नका. हितं एक हॉल बघून ठेवलाय. लग्न हिकडंच लावू. पाण्याची कटकट न्हाय."

बशीरभाईंचा चेहरा मी बघत होतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात मांडव घातले, आणि स्वतःच्या लेकीला परक्या हॉलमधून पाठवायचं?

"मांडव हितंच पडंल," ते म्हणाले. "पाण्याचं मी बगतो."

"बगा. शनवारी दुपारपत्तोर सोय झाली तर ठीक, न्हायतर हॉल. आन् झाली तरी आमी आमच्यापुरत्या बाटल्या घेऊन येऊ. गैरसमज नको."

मी हिशेब घातला. माझं सगळ्यात मोठं भांडं शंभर लिटरचं. लागणार बाराशे लिटर. सिलिंडर तर गावात कुठंच शिल्लक नव्हता.

*

शुक्रवारी सकाळी पिंपळीचे दगडूतात्या बादल्या घ्यायला आले. तात्यांचं उसाचं गुऱ्हाळ आहे. आमची रड त्यांनी सगळी ऐकून घेतली. शेवटी म्हणाले, "शेठ, तुमी भांड्याचं दुकान कशाला काढलं?"

"का हो?"

"माझी काहील आठशे लिटरची हाय. रोज चारदा रस उकळतोय मी तिच्यात. जळणाला चिपाडाचा डोंगार पडलाय. आन् तुमी हितं वाट्या-पेले मोजत बसलाय व्हय?"

बशीरभाई उठून उभे राहिले. मी दुकान बंद केलं. चालू दिवसाला दुकान मी घरातल्या लग्नालाच बंद करतो.

*

शनिवारी सकाळी काहील चिंच लावून घासली, तीनदा. विहिरीचं पाणी भरलं. चुलाणाला जाळ घातला तो सोपानरावांनी. सोपानराव म्हणजे तात्यांचे गुळव्या, चाळीस वर्षं रसाचा गूळ करणारा माणूस. पाक कधी उतरवायचा हे नुसत्या वासावर सांगतात.

त्यांना समजावून सांगितलं: आज गूळ नाही, पाणी. ते "व्हय" म्हणाले. पण काहिलीसमोर उभे राहिले की त्यांना दुसरं काही सुचत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमाराला उकळी फुटली. कुठंतरी कडेला चिकटलेला जुना गूळ सुटला आणि वर थोडा फेस आला. रसावर असा फेस आला की गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस ओततो, म्हणजे घाण वर येते. सोपानरावांनी झाऱ्यानं फेस काढला, वळले, आणि बादलीभर भेंडीचं पाणी काहिलीत ओतून मोकळे झाले.

आठशे लिटर पाणी बुळबुळीत झालं.

तात्या ओरडले, "सोपाना, आरं काय केलंस?"

सोपानरावांनी हाताकडं पाहिलं. "मी न्हाय, तात्या. हातानं केलं."

बशीरभाईंनी घड्याळ पाहिलं. चुलत्यांची दुपार जवळ येत होती. ते पाणी हौदात ओतलं, निवल्यावर म्हशी आवडीनं प्यायल्या. काहील पुन्हा धुतली, पुन्हा भरली. या खेपेला भेंडीची बादली तात्या स्वतःच्या पायांत धरून बसले. सोपानराव जाळ घालत होते, पण चेहरा पडलेला. दर पाच मिनिटांनी पळीभर पाणी काढून बघायचे. शेवटी न राहवून माझ्याजवळ आले.

"शेठ, एवढं उकळलं, पर घट्ट व्हायचं नाव न्हाय."

मी म्हटलं, "सोपानराव, घट्ट झालं तर आपण संपलो."

पावणेबाराला काहिलीला अशी उकळी आली की बोलायला ओरडावं लागत होतं. आणि त्याच वेळेला इंदापूरचा फोन वाजला.

बशीरभाईंनी फोन कानाला लावलाच नाही. हात लांब करून तो काहिलीपाशी धरला. मोजून अर्धं मिनिट. मग कानाला लावला.

पलीकडून चुलते विचारत होते, "अहो, कसला आवाज हाय?"

"तुमच्या पाण्याचा," बशीरभाई म्हणाले.

हॉलचा विषय तिथं मिटला. दुपारी दुसरी काहील लागली. बशीरभाईंच्या घरच्या बायकांनी निवलेलं पाणी पांढऱ्या मलमलीतून गाळून माझ्या दुकानातल्या कोऱ्या दुधाच्या कॅनमध्ये भरलं. चाळीस कॅन. पिंपळीहून बारामतीला ट्रॉली येत होती, तेव्हा पुढं बशीरभाई स्कूटरवर होते. वरातीपुढं चालावं तसे.

*

रविवारी इंदापूरची गाडी आली. आधी माणसं उतरायला पाहिजेत की नाही? आधी बाटल्यांचे बॉक्स उतरले. चुलत्यांनी उभं राहून चाळीस बॉक्स मोजून घेतले आणि मंडपाच्या कोपऱ्यात रचले. आमची माणसं बघत होती. बशीरभाई हसतमुखानं "या, या" करत होते, पण हातातला रुमाल त्यांनी पिळून काढला होता.

शेवटी उतरले नवरदेवाचे आजोबा, कासमनाना. ऐंशीच्या पुढचे, धोतर, डोक्याला फेटा. त्यांना कॅनजवळच्या खुर्चीवर बसवलं. बाटली येईपर्यंत त्यांना धीर नव्हता. त्यांनी समोरचा पेला उचलला, मीच तो भरून दिला. एक घोट घेतला. थांबले. सगळा मंडप थांबला म्हणा ना.

"कुठलं पानी हे?"

"पिंपळीचं, नाना," बशीरभाई म्हणाले. "गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळलंय."

नानांनी पेला रिकामा केला आणि पुढं धरला. मी भरला. तोही संपवला. मग नातवाच्या चुलत्याला, म्हणजे आपल्या लेकाला हाक मारली.

"त्या बाटल्या कशाला आनल्यात रं?"

"प्यायला, अब्बा."

"फोड. पोरास्नी हात धुवायला दे."

सहाशे माणसांनी जेवून बाटलीच्या पाण्यानं हात धुतले आणि कॅनमधलं पाणी प्यायलं. निकाह झाला. शबाना स्वतःच्या बापाच्या मांडवातून निघाली. संध्याकाळी गाडीत माणसं बसली, तरी गाडी हलेना. मी बघायला गेलो. कॅनपुढं रांग लागली होती. इंदापूरची माणसं रिकाम्या बाटल्या भरून घेत होती. रांगेत पहिले चुलते. दोन्ही हातांत चार-चार बाटल्या.

हा किस्सा तुम्ही पुढं सांगणारच. सांगा. फक्त हिशेब तेवढा खरा ठेवा: बाटल्या त्यांच्या होत्या. पाणी आमचं होतं.