खंडेनवमीचा ट्रक

"बोल की, भाड्या!" असं म्हणत मिस्त्री जुन्या ट्रकच्या पोटात हातोडी हाणायचा. विकणारा बाजूला दातओठ खात उभा असायचा. लोखंड खणखणीत वाजलं तर मिस्त्री ट्रकला थोपटायचा. भद्द आवाज आला की विकणाऱ्याकडे वळायचा, आणि मग जी शिवीगाळ व्हायची ती उद्यमनगरच्या चार गल्ल्यांत ऐकू जायची. जुनी गाडी घ्यायची तर गंज याच माणसाला दाखवायचा, असा तेव्हा रिवाज होता. तुम्ही त्या काळी कोल्हापुरात असाल, तर त्याचा मार खाल्लेला एखादा दलाल तुमच्याही ओळखीचा असेल.

गंजावर डांबर फासून गाडी खपवायला आणलेल्या एका दलालाचं तोंड त्याने डांबराच्याच डब्यात बुडवलं होतं. "हितं माणूस बसणार हाय, गुळाची ढेप न्हाय!" एवढंच त्याचं म्हणणं. मला हे सगळं फार गमतीचं वाटे.

आमची गुळाची पेढी. सत्तर सालच्या पुढेमागे आम्ही कोकणात गूळ पाठवायला स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरवलं. चालवणार होता माझा धाकटा भाऊ. एका दलालाने लांब नाकाचा, जुनापुराणा ट्रक आणला, तोही नेमका खंडेनवमीला. हिरवागार नवा रंग, बॉनेटला झेंडूचा हार. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, त्यांना कुणी हात लावत नाही, हे हेरूनच तो आला होता. मिस्त्री मुसलमान, पण त्याचीही हातोडी हळदकुंकू लावून पाटावर बसलेली.

"आज तपासणी न्हाय," दलाल हसत म्हणाला. "उद्या दसऱ्याचा मुहूर्त साधा की, पावणं."

मिस्त्रीने हातोडीला नमस्कार केला, रस्त्यावरचा धोंडा उचलला आणि ट्रकखाली शिरला.

"धोंडा काय हत्यार न्हाय!" तो आतून ओरडला.

तिसऱ्या घावाला चॅसी, म्हणजे ट्रकचा कणाच, फुटला. डांबराखालचा गंज भुशासारखा मिस्त्रीच्या तोंडावर सांडला.

दलालाच्या दोघा माणसांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि लाथा घातल्या. दलालाने सीटखालचं, इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढून त्याच्या उजव्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आम्ही मध्ये पडेपर्यंत त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. तशातही तो म्हणाला, "आज हत्यार उचलत न्हाईत, पावणं." मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

आठ दिवसांत तोच ट्रक डागडुजी करून कुरुंदवाडच्या एकाने घेतल्याचं कळलं. हाताला प्लॅस्टर घालून बसलेल्या मिस्त्रीला मी ते सांगितलं.

"त्याला सावध केलास काय?"

"आपल्याला काय करायचं हाय, मिस्त्री? आपली बला टळली."

त्याच्या डाव्या हाताची थप्पड अशी बसली की कान सुन्न झाला. "लेका, ट्रक रिकामा पळत न्हाय!"

तो तसाच एसटीने कुरुंदवाडला गेला आणि ओठ फाटून परत आला. घेणाऱ्याला तो सौदा मोडायला आलेला कुणा दलालाचा माणूस वाटला होता. मी पेढीवाला माणूस, माझं त्याने ऐकलं असतं. पण मी काही गेलो नाही. पावसाळ्याआधीच तो ट्रक घाटाच्या वळणावर मधोमध मोडला आणि दरीत गेला.

मिस्त्रीचं मनगट वाकडंच जुळलं. कामाशिवाय तो फार जगला नाही. माझ्याशी तो पुन्हा बोलला नव्हता, तरी मी माती द्यायला गेलो. त्याच्याइतकं भांडून दुसऱ्याचा जीव जपणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर मिस्त्रीचा पत्ता विचारत एक माणूस पेढीवर आला. ट्रक घेणारा हाच. दरीत गेला तेव्हा ट्रक चालवत होता त्याचा सख्खा भाऊ.

"मिस्त्रीची माफी मागायची हाय," तो म्हणाला. "मी मारलं वो त्याला."

मिस्त्री वारल्याचं सांगितल्यावर तो गादीच्या कडेला बसला. पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. मग त्याने विचारलं, "तुम्हास्नी ठावं हुतं काय, त्या गाडीचं?"

"न्हाय," मी म्हणालो.